बोंडांत दडलेली अळी : तिचा शोध व बंदोबस्त



मुंबईसारख्या समुद्रकांठच्या शहरांत कांहीं हौशी मंडळी घरांत कांचेचें मोठें कुंड ठेवून त्यांत खारें पाणी भरतात, आणि त्यांत रंगीबेरंगी मासे व जिवंत पोवळीं वाढवितात. अशा कुंडांत कधीं कधीं एखादा कृमी पोवळ्याच्या बुडाशीं चिकटून नकळत आंत येतो. दिवसां तो फटींत दडून बसतो व रात्रीं बाहेर येऊन पोवळीं कुरतडतो. जाणता मालक अशा वेळीं कुंडांत विष ओतीत नाहीं. कारण विषानें कृमी मरो वा न मरो, मासे व पोवळीं मात्र मरावयाचीं. तो नवीन आणलेलें प्रत्येक पोवळें आधीं वेगळ्या भांड्यांत ठेवून निरखितो, रात्रीं दिवा घेऊन फटी धुंडाळितो, आणि सांपडलेला कृमी चिमट्यानें उचलून काढितो. आधीं शोध, मग उच्चाटन, आणि विष सर्वांत शेवटीं, असा त्याचा क्रम असतो.

आपला यवतमाळ जिल्हा समुद्रापासून फार दूर. येथें खाऱ्या पाण्याचीं कुंडें ठेवण्याची चाल नाहीं. परंतु अगदीं त्याच रीतीनें दडून राहणारा एक जीव आपल्या शेतांत आहे. आणि तो जें कुरतडतो तें कोणाच्या हौसेचें पोवळें नसून आपल्या घरांतील वर्षभराची भाकर, धाकट्या भावंडांचीं पुस्तकें आणि कर्जाचा कागद सोडविण्याची आशा आहे. त्या जीवाचें नांव गुलाबी बोंडअळी. तिला शोधावी कशी व काढावी कशी, हें प्रस्तुत धड्यांत सांगावयाचें आहे. कुंडाच्या मालकाचा जो क्रम वर सांगितला तोच येथेंही लागू पडतो. आणि तो क्रम उलटा झाला म्हणजे काय घडतें, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यानें इ. स. २०१७ मध्यें पाहिला आहे. म्हणून हा धडा केवळ परीक्षेपुरता नाहीं, एवढें आरंभींच सांगून ठेवितों.

शत्रूची ओळख

बोंडअळी ही खरें पाहतां कृमी नव्हे. ती एका लहान पतंगाची अळी होय. शास्त्रज्ञांनीं तिला पेक्टिनोफोरा गॉसिपिएला असें नांव दिलें आहे. हा पतंग करड्या-तपकिरी रंगाचा असून बोटाच्या नखाहून फारसा मोठा नसतो. दिवसां तो पालापाचोळ्यांत व जमिनीच्या भेगांत लपतो आणि अंधार पडल्यावर उडूं लागतो. म्हणून दिवसां शेतांत राबणाऱ्या माणसाच्या दृष्टीस तो क्वचितच पडतो. मादी कपाशीच्या पात्यांवर, कळ्यांवर व कोंवळ्या बोंडास वेढणाऱ्या हिरव्या पुष्पपत्रांच्या आड बारीक अंडीं घालते. एका मादीच्या अंड्यांची संख्या शंभराच्याही वर जाते. चार-पांच दिवसांत अंड्यांतून केसासारखी बारीक, पांढरट अळी निघते, व लवकरच कळी किंवा बोंड पोखरून आंत शिरते.

येथेंच तिचें सारें कपट आहे. शिरतांना तिनें पाडलेलें छिद्र इतकें सूक्ष्म असतें कीं बोंड वाढूं लागतांच तें बुजून जातें. बाहेरून बोंड हिरवेंगार व निरोगी दिसतें. आंत मात्र अळी एकामागून एक सरकी पोखरीत असते. दोन आठवड्यांच्या सुमारास तिची वाढ पुरी होते. तेव्हां तिची लांबी सुमारें अर्धा इंच भरते व अंगावर गुलाबी पट्टे उमटतात. मग ती बोंडास वाटोळें छिद्र पाडून बाहेर पडते, जमिनीवरील पाचोळ्यांत किंवा मातींत कोश करते, आणि आठवड्या-दीड आठवड्यानें त्या कोशांतून पुन्हां पतंग निघतो. अंड्यापासून पतंगापर्यंतचा हा फेरा उबदार हवेंत साधारणतः एका महिन्यांत पुरा होतो.

नुकसान कसें होतें, तेंही पाहावें. पोखरलेल्या सरकीभोंवतालची रुई पिवळी पडते, तिचा धागा तुटका निघतो, आणि बोंडाची एखादी पाकळी मुळींच उमलत नाहीं. अशा न उमललेल्या, घट्ट चिकटून बसलेल्या कापसास आपल्याकडे कवडी म्हणतात. कवडी वेंचावयास मजुरी दुप्पट लागते व बाजारांत तिला भाव मिळत नाहीं. शिवाय सरकी हलकी पडून तिच्यांतील तेलही घटतें.

आतां एक महत्त्वाची गोष्ट. हिंवाळा लागला म्हणजे शेवटच्या पिढींतील पुष्कळ अळ्या कोश न करितां झोंपीं जातात. अशी अळी दोन सरक्या रेशमी धाग्यानें एकमेकींस जोडून घेते व त्यांच्या पोकळींत अन्नपाण्यावांचून महिनेच्या महिने पडून राहते. पुढील हंगाम जवळ आला कीं ती जागी होते, आणि तिचा पतंग नव्या कपाशीच्या शोधांत निघतो. ही गोष्ट नीट लक्षांत ठेवावी. कारण बंदोबस्ताचें सारें मर्म हिच्यांतच आहे.

ती जगभर कशी पसरली

या अळीचें पहिलें शास्त्रीय वर्णन इ. स. १८४३ च्या सुमारास प्रसिद्ध झालें, आणि तें गुजराथेंतील भडोच येथें कपाशीवर सांपडलेल्या नमुन्यांवरून. पुढें इ. स. १९०६-०७ च्या सुमारास ती मिसर देशांत पोंचली, इ. स. १९११ मध्यें मेक्सिकोंत, आणि इ. स. १९१७ मध्यें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेक्सास प्रांतांत. एवढासा पतंग महासागर कसा ओलांडणार? तो उडत गेला नाहीं. त्याला मनुष्यानेंच नेलें. सरकीच्या पोत्यांत झोंपलेली अळी आगबोटींत चढली, व नव्या देशीं पेरणीबरोबर जागी झाली. नवें पोवळें न तपासतां कुंडांत सोडावें, तशांतलाच हा प्रकार.

आपल्या जिल्ह्याचाही कापसाशीं संबंध असाच जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं यवतमाळपासून मूर्तिजापूरपर्यंत जो अरुंद रुळांचा लोहमार्ग घातला गेला, तो मुख्यत्वें येथील कापूस बाहेर नेण्यासाठींच. त्या गाडीस लोक प्रेमानें शकुंतला म्हणत. ती गाडी आतां बंद पडली. पण कापूस अजून जिनांत जातो, सरकी अजून ढिगांत पडते, आणि जेथें सरकीचा ढीग तेथें झोंपलेली अळी, हा नियम कांहीं बदललेला नाहीं.

बियाण्यांतील ढाल व तिचा भंग

कोणी म्हणेल कीं, आतां तर बीटी कपाशी आली आहे. मग अळीची एवढी चर्चा कशाला? यास उत्तर असें. मातींत राहणाऱ्या एका जीवाणूच्या अंगीं बोंडअळ्यांस मारक असें द्रव्य तयार करण्याचा गुण आहे. शास्त्रज्ञांनीं तो गुण कपाशीच्या बियाण्यांत उतरविला. अशा कपाशीस भारतांत इ. स. २००२ मध्यें परवानगी मिळाली, आणि इ. स. २००६ मध्यें अशीं दोन द्रव्यें एकत्र असलेलें बियाणें आलें. कांहीं वर्षें बोंडअळ्यांचा उपद्रव खरोखरच ओसरला व त्यांच्यासाठीं कराव्या लागणाऱ्या फवारण्या कमी झाल्या.

परंतु असंख्य अळ्यांत एखादी अशी असते, जिला तें द्रव्य बाधत नाहीं. बाकीच्या मेल्या म्हणजे तीच उरते. तिची जोडी तशाच दुसऱ्या उरलेल्याशीं जमते, आणि त्यांची संतति ढालीस भीक घालीत नाहीं. हें घडूं नये म्हणून बीटी बियाण्याच्या पाकिटाबरोबर साध्या कपाशीचें एक लहान पाकीट दिलें जात असे व तें शेताच्या कडेनें पेरावें असा नियम होता. हेतु असा कीं, साध्या कपाशीवर वाढलेले नेहमींचे पतंग विपुल राहावेत, त्यांच्याशीं त्या विरळा पतंगांची जोडी जमावी, आणि त्यांच्या संततींतून तो गुण दबून जावा. पुष्कळ ठिकाणीं तें लहान पाकीट बांधावरच पडून राहिलें. दोनचार ओळी अळीच्या तोंडीं कशाला द्याव्या, असें वाटणें साहजिक होतें. पण त्या दोनचार ओळींनींच बाकीच्या शेताचें रक्षण व्हावयाचें होतें. इ. स. २०१० मध्यें गुजराथेंत पहिल्या द्रव्यास न जुमानणारी गुलाबी अळी सांपडल्याचें जाहीर झालें, इ. स. २०१४-१५ पर्यंत तिकडे दुसरें द्रव्यही लटकें पडलें, आणि इ. स. २०१७ च्या हंगामांत विदर्भ-मराठवाड्यांतील बोंडें ती सर्रास पोखरूं लागली.

इ. स. २०१७ चा धडा

त्याच वर्षीं आपल्या जिल्ह्यावर दुसरें एक संकट कोसळलें. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत कपाशीवरील निरनिराळ्या किडींसाठीं फवारणी करीत असतां शेंकडों शेतकरी व शेतमजूर विषबाधेनें आजारी पडले. यवतमाळच्या शासकीय रुग्णालयांत खाटा अपुऱ्या पडल्या. कोणाची दृष्टि अंधुक झाली, कोणाचा श्वास अडखळूं लागला, आणि जिल्ह्यांतील सुमारें वीस माणसें प्राणांस मुकलीं. तीं सर्व कोणाचे तरी बाबा, काका, भाऊ होतीं.

कारणें कोणतीं पुढें आलीं? त्या वर्षीं कपाशी दाट व माणसाच्या उंचीइतकी वाढली होती, म्हणून फवारा पायांकडे न राहतां तोंडावर येत होता. दोन-तीन औषधें एकाच पंपांत मिसळलीं जात होतीं. उकाड्यामुळें अंगावर पुरते कपडे नव्हते. तोंडावर फडकें नव्हतें, हातांत मोजे नव्हते. मजूर दिवसभर व ओळीनें कित्येक दिवस फवारीत होते.

आतां मूळ गोष्टीकडे या. बोंडांत शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोंचतच नाहीं. तिच्याभोंवतीं बोंडाची भिंत असते. फवारा पोंचतो तो फवारणाऱ्याच्या श्वासापर्यंत. शिवाय अळीचीं अंडीं खाणारे व तिच्या अंगावर जगणारे जे मित्रकीटक शेतांत असतात, तेच आधीं मरतात. न शोधतां, न मोजतां विष ओतणें म्हणजे कुंडांतील मासे मारून कृमी राखणें होय. म्हणूनच शोध आधीं पाहिजे.

शोध कसा करावा

शोधाच्या जागा तीन आहेत : हवा, फूल आणि बोंड.

पहिली जागा हवा. मादीच्या अंगास जो गंध असतो त्याच्यासारखा कृत्रिम गंध लावलेली लहानशी गोळी कामगंध सांपळ्यांत बसवितात. त्या गंधानें फसून नर पतंग सांपळ्यांत येतात. लावणीनंतर सुमारें दीड महिन्यानें, पिकाच्या शेंड्यांहून थोडे उंच, असे एकरीं दोन सांपळे टांगावे. रोज सकाळीं त्यांतील पतंग मोजून पाटीवर किंवा वहींत आंकडा लिहावा. ओळीनें तीन रात्रीं दर सांपळ्यांत आठ किंवा त्याहून अधिक पतंग आले, तर संकट दाराशीं आलें असें समजावें. गोळीचा गंध उडून जातो. म्हणून ती ठरलेल्या मुदतीनें बदलावी.

दुसरी जागा फूल. कपाशीचें निरोगी फूल सकाळीं पूर्ण उमलतें व दुसऱ्या दिवशीं लालसर होतें. अळी शिरलेलें फूल उमलत नाहीं. आंतील अळीनें त्याच्या पाकळ्या धाग्यानें गुंफून टाकिलेल्या असतात, व तें गुलाबाच्या अर्धवट मिटलेल्या कळीसारखें दिसतें. यासच डोमकळी म्हणतात. डोमकळी दिसली कीं ती तोडून उघडून पाहावी. आंत बहुधा अळी सांपडतेच. ही वेळ फार मोलाची आहे, कारण अळी अजून बोंडांत गेलेली नसते.

तिसरी जागा बोंड. एका एकरांत इकडून तिकडे तिरपें चालत जावें, व वाटेंतील निरनिराळ्या वीस झाडांवरून प्रत्येकीं एक याप्रमाणें वीस हिरवीं, अर्धवट वाढलेलीं बोंडें तोडावीं. चांगलीं चांगलीं किंवा वाईट वाईट निवडूं नयेत. जें हातीं येईल तें घ्यावें. मग बांधावर बसून एकेक बोंड फोडावें, प्रत्येक पाकळी वेगळी करावी, सरकी दाबून पाहावी. आंतील भिंतीवर पुळीसारखी गांठ, दोन पाकळ्यांमधील पडद्यास छिद्र, सरकीजवळ विष्ठा, किंवा प्रत्यक्ष पांढरी वा गुलाबी अळी, यांपैकीं कांहींही दिसल्यास तें बोंड किडलेलें धरावें. वीसांत दोन किडकीं निघालीं म्हणजे प्रमाण शेंकडा दहा झालें. याच्या खालीं विष विकत आणण्याचें कारण नाहीं. याच्या वर गेल्यास स्वस्थ बसण्याची सोय नाहीं. पांचवीच्या मुलासही करतां येईल असें हें गणित आहे, आणि त्यावर घरचे कित्येक हजार रुपये अवलंबून असतात.

अळी कशी काढावी

शोध लागल्यावर काढण्याचें काम. तें एका दिवसाचें नाहीं. तें वर्षाच्या सर्व ऋतूंत विभागलेलें आहे.

ऑगस्ट-सप्टेंबरांत डोमकळ्या रोज किंवा एक दिवसाआड हातांनीं तोडाव्या व जाळून किंवा साबणाच्या पाण्यांत बुडवून नष्ट कराव्या. बांधावर फेंकूं नयेत. एक डोमकळी तोडल्यानें काय होणार, असें वाटत असेल तर पुढील हिशेब करून पाहावा. समजा, एका मादीच्या संततींतून केवळ दहा माद्या जगल्या, व पुढेंही प्रत्येकीच्या दहा-दहाच जगल्या. ऑगस्टांत जी एक, तिच्या सप्टेंबरांत दहा, ऑक्टोबरांत शंभर, नोव्हेंबरांत एक हजार, आणि डिसेंबरांत दहा हजार झाल्या. म्हणजे ऑगस्टांतील एक डोमकळी ही डिसेंबरांतील दहा हजार अळ्यांची आई आहे. शंभर पंप फवारूनही जें डिसेंबरांत साधणार नाहीं, तें ऑगस्टांत दोन बोटांनीं साधतें.

याच वेळीं मित्रकीटकांचें साहाय्य घ्यावें. ट्रायकोग्रामा नांवाची एक अतिसूक्ष्म गांधीलमाशी आपलीं अंडीं पतंगाच्या अंड्यांत घालते, आणि अळी जन्मण्यापूर्वींच तिचा नाश होतो. या माशीचीं अंडीं चिकटविलेले कागद मिळतात. ते पानांच्या खालच्या बाजूस टांचून ठेवावे. ते लावल्यावर विषारी फवारा मारूं नये, हें ओघानेंच आलें. निंबोळ्या उन्हाळ्यांत जमवून ठेविल्या असल्यास त्यांचा शेंकडा पांच प्रमाणाचा अर्क आरंभींच्या काळांत उपयोगी पडतो.

वेंचणीच्या वेळीं कवडी व किडका कापूस चांगल्या कापसांत मिसळूं नये. भाव वाढेल या आशेनें कापूस घरांत उन्हाळ्यापर्यंत सांठवून ठेवण्याची चाल आहे. गरजेपुढें कोणाचा इलाज नाहीं हें खरें. तथापि त्या ढिगांत झोंपलेल्या अळ्याही आपण घरीं सांभाळतों, हें विसरूं नये. जिनांच्या आवारांत व कापसाच्या ढिगांभोंवतीं सांपळे लावण्याचा उपाय याचसाठीं सांगितला जातो.

सर्वांत मोठा उपाय मात्र डिसेंबरानंतरचा आहे, आणि त्यास पैसा जवळजवळ लागत नाहीं. पाणी हातीं असलें कीं पिकास पुन्हां ओलित देऊन आणखी चार बोंडें घेण्याचा मोह होतो. त्यास फरदड म्हणतात. फरदड म्हणजे अळीला चैत्रापर्यंत दिलेलें फुकटचें जेवण. डिसेंबराअखेर, फार तर जानेवारीच्या आरंभीं, पीक उभें ठेवूं नये. शेतांत आधीं शेळ्यामेंढ्या सोडाव्या. त्या उरलीं हिरवीं बोंडें व पाला खाऊन टाकितात. मग पऱ्हाट्या उपटून त्यांचा बारीक चुरा करून मातींत गाडावा किंवा कुजवावा. सरपणासाठीं बांधावर त्यांची गंजी रचूं नये, कारण तिच्यांत राहिलेल्या बोंडांतूनच जूनचे पतंग निघतात. शेत खोल नांगरून उन्हांत तापूं द्यावें. उघडे पडलेले कोश ऊन व पांखरें यांच्या स्वाधीन होतात. पुढील हंगामांत पावसाआधीं घाईनें लावणी करूं नये, म्हणजे आधीं जागे झालेल्या पतंगांस अंडीं घालावयास कळीच मिळत नाहीं. शक्य तेथें लवकर येणारें वाण निवडावें, आणि त्याच शेतांत कपाशीवर कपाशी न घेतां तूर, ज्वारी, सोयाबीन यांची पालट ठेवावी. भेंडी व अंबाडी या कपाशीच्याच गोतांतल्या असून त्यांवरही ही अळी जगूं शकते. तेव्हां कपाशीच्या शेजारीं त्या नकोत.

विष घ्यावेंच लागलें तर

मोजणीनें हद्द ओलांडली व दुसरा उपाय उरला नाहीं, तर फवारणी करावी लागते. तिचे नियम पुढीलप्रमाणें, आणि ते प्रत्येक विद्यार्थ्यानें घरीं वाचून दाखवावे.

१. डब्यावरील त्रिकोण पाहावा. तांबडा अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा.

२. शेतकीखात्याच्या सल्ल्यावांचून औषध निवडूं नये, व दोन औषधें आपल्या मतानें एकत्र करूं नयेत.

३. पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब विजार, हातमोजे, डोळ्यांस चष्मा व नाकातोंडावर आच्छादन असावें. वाऱ्याच्या उलट दिशेस तोंड करून फवारूं नये. भर दुपारीं फवारूं नये.

४. पंपाची तोटी तुंबल्यास तोंडानें फुंकूं नये. मध्यें बिडी, तंबाखू, भाकर कांहीं घेऊं नये. काम संपतांच साबणानें अंघोळ करून कपडे वेगळे धुवावे.

५. मळमळ, डोकेदुखी, घाम, लाळ, डोळ्यांपुढें अंधारी किंवा श्वासास त्रास, यांपैकीं कांहींही झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें, आणि औषधाचा डबा बरोबर न्यावा. कोणतें विष हें कळलें तरच डॉक्टरांस उपचाराची दिशा मिळते. सर्व विषांवर चालेल असा एकच उतारा नाहीं.

६. फवारणीचें काम मुलांचें नव्हे. पंप उचलूं नये, औषध कालवूं नये, फवारलेल्या शेतांत जाऊं नये. रिकामा डबा पाण्यासाठीं कधींही वापरूं नये.

एकट्यानें होणार नाहीं

पालकांस येथें दोन शब्द सांगावयाचे आहेत. पतंगास बांध कळत नाहीं. एकानें डिसेंबरांत शेत मोकळें केलें आणि शेजाऱ्यानें मार्चपर्यंत फरदड ठेविली, तर पहिल्याचे श्रम वायां जातात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही अळी इ. स. १९१७ मध्यें शिरली, आणि इ. स. २०१८ च्या ऑक्टोबर महिन्यांत ती देशांतील कपाशीच्या मुलखांतून नाहींशी झाल्याचें तेथील सरकारनें जाहीर केलें. मध्यें एक शतक गेलें. तेथें बीटी कपाशी होती, कामगंध होता, विमानांतून वांझ पतंगही सोडले जात होते. पण या सर्वांच्या जोडीस, ठरलेल्या तारखेच्या आंत सर्वांनीं पीक मोडावयाचें ही शिस्त होती. विमानें आपल्याजवळ नाहींत, पण तारीख ठरविणें आपल्या हातीं आहे. ग्रामसभेंत बसून गांवानें एक दिवस ठरवावा, व त्या दिवसानंतर शिवारांत एकही पऱ्हाटी उभी राहूं नये. वणी-पांढरकवड्याकडील गांव असो, कीं दारव्हा-पुसदकडील, हें काम कोणालाही अशक्य नाहीं.

विद्यार्थ्यांनीं काय करावें? पंधरा ऑगस्टचें झेंडावंदन करून घरीं गेल्यावर, ज्या शेतांत अलीकडे फवारणी झालेली नाहीं अशा आपल्या शेतांत वडील माणसांबरोबर जावें, आणि डोमकळी कशी दिसते तें एकदां डोळ्यांनीं पाहावें. पुढें दर रविवारीं वीस बोंडें फोडून किडक्यांचा आंकडा वहींत लिहावा. नंतर हात स्वच्छ धुवावे. सांपळ्यांतील पतंगांचा आंकडा त्याच्या शेजारीं मांडावा. दोन महिन्यांनीं त्या वहीकडे पाहिल्यावर कळून येईल कीं, बाबांनीं कोणत्या आठवड्यांत औषध आणावें व कोणत्या आठवड्यांत आणूं नये, याचें उत्तर दुकानदारापाशीं नसून त्या वहींतच होतें. तसें एकही अनावश्यक फवारणें वांचलें, तर तुमच्या शिक्षणाचें त्या वर्षाचें सार्थक झालें असें समजावें.